परसबागेतली सोबतीची पिके: कशाशेजारी काय, किती अंतरावर आणि कधी

टोमॅटोच्या वाफ्याच्या कडेला दोन झेंडू लावले की किडींचा बंदोबस्त झाला, असे पुष्कळांना वाटते. त्यात अर्धेच तथ्य आहे. झेंडू टोमॅटोच्या कामी येतो, पण तो कोणत्या जातीचा, टोमॅटोच्या किती दिवस आधी पेरलेला, किती दाट आणि कोणत्या किडीसाठी, हे जमले तरच. भाज्यांचे मित्र आणि शत्रू सांगणारे तक्ते भरपूर मिळतात. त्यांत जोड्या असतात. दिवस आणि सेंटिमीटर नसतात. सहपिकाचे यश मात्र त्या दिवसांवर आणि सेंटिमीटरवरच उभे असते. म्हणून इथे मोजक्याच जोड्या घेतल्या आहेत आणि त्या लावायच्या कशा, बिघडतात कुठे, हे खोलात सांगितले आहे.

आधी काम ठरवा

सोबतीचे पीक निवडताना पहिला प्रश्न हा: याच्याकडून मला काय काम करून घ्यायचे आहे? उत्तर देता आले नाही तर ते पीक त्या वाफ्यात नको. ते फक्त पाणी, खत आणि उजेड खाणार.

सगळ्यात भरवशाचे काम म्हणजे रिकामी जागा वापरणे. टोमॅटो, वांगी, कोबी, भोपळा यांची रोपे पहिले ३० ते ४० दिवस आपल्या वाट्याच्या जागेचा लहानसा भाग वापरतात. उरलेल्या उघड्या मातीत तण उगवते आणि ओल उडून जाते. तिथे मेथी, मुळा, पालक किंवा कोथिंबीर घेतली तर मुख्य पीक पसरेपर्यंत ती निघूनही जाते. यात नशिबाचा भाग नाही. फक्त तारखा जुळवायच्या.

दुसरे काम मुख्य पीक किडीच्या नजरेआड करणे. इंग्लंडमधल्या वेल्सबोर्न येथील बागायती पिकांच्या संशोधन केंद्रात स्टॅन फिंच आणि रोझमेरी कॉलियर यांनी २००० साली याची नीट मांडणी केली. कोबीवर्गावर अंडी घालणारी माशी किंवा पतंग वासाने जागी होतो आणि खाली उतरतो, पण उतरताना तपकिरी माती टाळून जे हिरवे दिसेल त्यावर बसतो. उघड्या मातीत एकटा कोबी उभा असेल तर नेम चुकत नाही. आजूबाजूला दुसरी हिरवळ असेल तर कीटक तिथे बसतो, पायांनी चव घेतो, चुकीचे झाड कळले की उडतो. असे वारंवार झाले की अंडी न घालताच निघून जातो. हिरव्या कागदाची खोटी झाडे ठेवली तरी हाच परिणाम दिसला. उग्र वासाच्या वनस्पतींनी साध्या हिरव्या वनस्पतींपेक्षा काही जास्त साधले नाही. म्हणजे लसूण किंवा पुदिना 'वासाने किडी पळवतो' म्हणून लावला जातो तेव्हा काम बहुतेक त्याची हिरवी पाने करत असतात. त्यामुळे निवडीला मोकळीक मिळते: वास कसा आहे यापेक्षा झाड किती उंच, किती दाट आणि योग्य वेळी हिरवे आहे का, हे पाहायचे.

तिसरे काम सापळ्याचे: किडीला जास्त आवडणारे पीक मुद्दाम देऊन तिला तिकडे वळवणे आणि तिथे मारणे. या वाक्यातला शेवटचा भाग लोक विसरतात. चौथे, मित्रकीटकांना मध, परागकण आणि आसरा देणे. पाचवे, उंच पिकाची भिंत उभारून उडत्या किडींना अडवणे. आणि सहावे जमिनीचे, म्हणजे नत्र, आच्छादन, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी). नत्राबद्दल मोठा गैरसमज आहे, तो पुढे मका-घेवड्याच्या जोडीत येईल.

वाफा कसा आखायचा

खालची सगळी मापे ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद गादीवाफ्यासाठी आहेत. १.२ मीटरच्या पुढे गेलात तर मधल्या पिकापर्यंत हात पोचत नाही, आणि मिश्र वाफ्यात हात पोचणे फार महत्त्वाचे, कारण इथे खुरपणी, तोडणी आणि कीड वेचणी सगळी हातानेच होते. वाफ्यांमध्ये ४५ सेंमीची वाट सोडा.

एका वाफ्यात दोन पिके म्हणजे खतही दोघांचे. चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट दर चौरस मीटरला ४ किलो, म्हणजे एका वाफ्याला साधारण १४ ते १५ किलो, वरच्या १५ सेंमी मातीत मिसळा. निंबोळी पेंड मिळत असेल तर चौरस मीटरला १०० ग्रॅम.

उंच पिके नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला; उत्तर गोलार्धात उत्तरेकडे. मका दक्षिणेला लावून भेंडीला अंधारात ठेवणे ही नेहमीची चूक आहे, आणि पेरणीनंतर ती दुरुस्त करता येत नाही. आखणी कागदावर करा. प्रत्येक पिकासमोर चार आकडे लिहा: पेरणीचा दिवस, पूर्ण वाढीची रुंदी, उंची आणि वाफ्यातून निघण्याचा दिवस. दोन पिकांच्या पूर्ण वाढीची वर्तुळे एकमेकांत घुसत असतील तर त्यांतले एक त्याआधी निघायलाच हवे.

पाण्याच्या सवयीही तपासा. टोमॅटोला खोल आणि अंतराने पाणी लागते, मेथी-कोथिंबिरीला वरचेवर हलके. पहिला महिना दोघांचे जमते, कारण टोमॅटोची मुळेही तेव्हा वरच असतात. पुढे जमत नाही. कांद्याचे उदाहरण आणखी स्पष्ट आहे. कांदा पोसल्यावर काढणीआधी १० ते १५ दिवस पाणी तोडावे लागते. त्याच वेळी टोमॅटोचे पाणी तोडले आणि मग एकदम भरपूर दिले तर फळे तडकतात. म्हणून टोमॅटोच्या वाफ्यात कांदा घ्यायचा तो पातीसाठी. लसणाचेही तसेच.

टोमॅटो, झेंडू, मेथी आणि कांद्याची पात

या वाफ्यात झेंडूचे काम एकच: फळ पोखरणाऱ्या अळीला, म्हणजे घाटे अळीला, टोमॅटोपासून दूर ओढणे. तिचा मादी पतंग कोवळ्या कळ्या-फुलांवर अंडी घालतो आणि उंच, मोठ्या फुलांचा पिवळा-नारिंगी आफ्रिकन झेंडू त्याला टोमॅटोपेक्षा जास्त पसंत असतो. शेतातली शिफारस टोमॅटोच्या १६ ओळींना झेंडूची १ ओळ अशी आहे, आणि त्यातली कळीची अट वयाची: लावणीच्या दिवशी झेंडूचे रोप ४० ते ४५ दिवसांचे, टोमॅटोचे २५ दिवसांचे. टोमॅटोला पहिली फुले येतील तेव्हा झेंडूवर कळ्या तयारच असाव्यात, यासाठी ही अट. दोन्ही एकाच दिवशी पेरली तर टोमॅटो फुलायला लागतो तेव्हा झेंडूवर नुसती पाने असतात आणि पतंगाला दुसरा पर्याय उरत नाही.

हिशेब असा. टोमॅटोचे बी ज्या दिवशी पेराल त्याच्या २० दिवस आधी झेंडू पेरा. टोमॅटोची रोपवाटिका बारीक जाळीखाली ठेवा. पाने गोळा होण्याचा विषाणूरोग पांढरी माशी रोपावस्थेपासूनच पसरवते आणि त्यावर कोणतेही सहपीक उपाय नाही. पेरणीनंतर २५ व्या दिवशी लावणी करा.

वाफ्याच्या लांबीला समांतर टोमॅटोच्या दोन ओळी घ्या, कडेपासून ३० सेंमी आत, एकमेकींपासून ६० सेंमीवर. ओळीत दोन रोपांत ५० सेंमी, म्हणजे दर ओळीला ६ आणि वाफ्यात १२ रोपे. आधाराच्या काठ्या त्याच दिवशी ठोका. नंतर ठोकाल तर मुळे तुटतात आणि मेथीही तुडवली जाते. झेंडू वाफ्याच्या आत नको. तो ७५ ते ९० सेंमी उंच होतो आणि तितकाच पसरतो. दोन्ही टोकांना, शेवटच्या टोमॅटोपासून ४५ ते ५० सेंमी लांब, दोन-दोन रोपे लावा. प्रमाण पाहिले तर १२ टोमॅटोंना एक झेंडूही पुरेल, पण एका झाडावर कळ्यांचा खंड पडतो. चार झाडे असली की कोणावर तरी कळी असतेच. या झेंडूचा शेंडा खुडू नका. खुडल्याने झाड डेरेदार होते हे खरे, पण फुलोरा लांबतो, आणि इथे आपल्याला फुले वेळेवर हवी आहेत.

टोमॅटोच्या दोन ओळींमधल्या ६० सेंमी पट्ट्यात, प्रत्येक ओळीपासून २० सेंमी सोडून, मेथीच्या दोन ओळी पेरा. दोन्हींना मिळून चहाचा एक चमचा बी पुरते. बी १ ते १.५ सेंमीपेक्षा खोल नको. वाफ्याच्या दोन्ही लांब कडांना, काठापासून १० सेंमी आत, कांद्याची रोपे किंवा छोटे कांदे १० सेंमी अंतराने पातीसाठी लावा. मेथी ४-५ दिवसांत उगवते आणि २५ ते ३० दिवसांत निघते. त्याच सुमारास टोमॅटो मधली जागा भरू लागतो. मेथी काढलेल्या दिवशीच तिथे वाळलेल्या पानांचे किंवा गवताचे ५ सेंमी जाड आच्छादन घाला, टोमॅटोच्या खोडापासून ५ सेंमी अंतर राखून. पात ४५ दिवसांच्या आत संपवा.

मेथीनंतर तिथे पुन्हा काही पेरण्याचा मोह होतो. तो आवरा. या टप्प्यावर टोमॅटोला हवा खेळती लागते. खालची पाने जमिनीपासून ३० सेंमीपर्यंत हळूहळू काढून टाका, नाहीतर दाट, ओलसर वाफ्यात करपा खालून वर चढतो.

आता झेंडूची देखरेख. आठवड्यातून दोनदा फुले-कळ्या उघडून पाहा. अळी दिसली की ते फूल तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. सुकलेली फुलेही तोडा, म्हणजे नव्या कळ्या येत राहतील. पण तोडलेली फुले वाफ्याशेजारी टाकू नका, त्यातल्या अळ्या चालत टोमॅटोवर जातात. ही वेचणी झाली नाही तर झेंडू सापळा न राहता किडीची नर्सरी होतो आणि दुसऱ्या पिढीचे पतंग तिथूनच निघतात. कोरड्या, गरम हवेत झेंडूच्या पानांखाली लाल कोळी होतो. पानांवर बारीक पांढरट ठिपके आणि जाळी दिसली तर पानाखालून जोराचे पाणी मारा. जास्त पसरला असेल तर ते झाड मुळासकट काढा, कारण कोळी टोमॅटोवर सहज जातो.

सूत्रकृमींसाठीचा झेंडू हा वेगळाच विषय आहे. टोमॅटो, भेंडी, वांगी उपटल्यावर मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसत असतील तर जमिनीत गाठी करणारे सूत्रकृमी आहेत. झेंडूच्या जिवंत मुळांत अल्फा-टरथिएनिल नावाचे द्रव्य असते, ते त्यांना मारक ठरते. पण परिणाम मुळांच्या लगतच होतो. टोमॅटोच्या अधेमधे झेंडू लावला तर सूत्रकृमी सरळ टोमॅटोच्या मुळांकडे जातात. उपाय हा: त्या वाफ्यात दोन ते तीन महिने दुसरे काहीही न घेता बुटका फ्रेंच झेंडू १५ ते २० सेंमी अंतराने दाट लावा, मधे तण येऊ देऊ नका (कित्येक तणे सूत्रकृमींना पोसतात), शेवटी झाडे बारीक करून जागीच गाडा आणि त्यानंतर टोमॅटो घ्या.

तुळशीवर्गातल्या झाडांमुळे टोमॅटोची चव सुधारते, असेही ऐकू येते. चव ठरते ती जात, ऊन, पाण्याचा ताण आणि फळ झाडावर किती पिकले यावर. अशी झाडे जरूर लावा, फुलल्यावर मधमाश्या येतात. चवीसाठी मात्र नको.

कोबी-फ्लॉवर आणि मोहरी

कोबीचा मोठा शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याच्या बारीक हिरव्या अळ्या पानाला खिडक्या पाडतात. मोहरी त्याला आणि माव्याला (पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीला), दोघांनाही ओढते. शेतासाठी कोबीच्या दर २५ ओळींना मोहरीच्या २ ओळी सांगितल्या जातात आणि त्या दोन ओळींची पेरणी एकाच दिवशी होत नाही: पहिली कोबीच्या लावणीआधी १५ दिवस, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. पहिली मोहरी फुलून राठ होत आली की तिची ओढ संपते. तेव्हा दुसरी कोवळी असायला हवी. घरी ही दुसरी पेरणीच बहुधा राहून जाते, आणि गड्डा धरण्याच्या ऐन वेळी पतंग कोबीकडे वळतो.

वाफ्यात कोबीच्या तीन ओळी ४० सेंमीवर, ओळीत ४५ सेंमीवर तिरप्या मांडणीने लावा. सुमारे १८ रोपे बसतात. मोहरी वाफ्याबाहेर, एका लांब बाजूला ४५ सेंमीवर एका ओळीत पेरा आणि तिच्या पलीकडे दुसऱ्या ओळीची जागा राखून ठेवा. मोहरीवर अळ्या किंवा मावा दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा: ५० ग्रॅम निंबोळीचा गर कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, त्यात चिमूटभर साबण घाला. फवारा फक्त मोहरीवर, संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंनी. मावा फारच चढला तर झाड उपटून बुडवा.

याच वाफ्यात हिरवळीचा उपाय करता येतो. कोबीच्या लावणीआधी १२ दिवस ओळींच्या मधल्या पट्ट्यांत मेथी पेरा. रोपे लावायच्या दिवशी ती ५-६ सेंमी उंच असते, म्हणजे पतंगाला पहिल्या दिवसापासून उघडी माती दिसत नाही. प्रत्येक कोबीभोवती १०-१२ सेंमी त्रिज्येची जागा मोकळी ठेवा. मेथी उपटू नका, ५ सेंमी ठेवून कापा, म्हणजे पुन्हा फुटेल. कोबीची पाने मेथीवर झुकू लागली की ती मुळाशी कापून तिथेच अंथरा. हा उपाय किडीवर चालतो, पण हिरवळ जास्त वेळ ठेवली की गड्डे लहान राहतात. नत्र आणि पाणी वाटले जाते. लावणीनंतर ३० दिवसांच्या पुढे ती ठेवण्यात तोटाच आहे.

भेंडी, चवळी आणि मक्याची आड

भेंडीवर मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी येतात. झुडुपी चवळीवर काळा मावा येतो, आणि तेच आपल्याला हवे असते. चवळीचा मावा मुख्यतः शेंगवर्गीय पिकांवर राहतो. भेंडीवरचा मावा वेगळ्या जातीचा. त्यामुळे चवळीवरचा मावा भेंडीला फारसा त्रास न देता ढालकिड्यांना (लेडीबर्ड) खाऊ घालतो. त्यांची संख्या तिथे वाढते आणि भेंडीवर मावा येतो तेव्हा खाणारे शेजारीच असतात. चवळी भेंडीच्या १० ते १५ दिवस आधी, कडेला, भेंडीपासून ४५ सेंमीवर पेरा. वेलीची जात नको, ती भेंडीवर चढून शेंडे वाकवते.

चवळीवर मावा दिसला की हात फवारणी पंपाकडे जातो. तसे केलेत तर चवळी लावण्याचा हेतूच संपला. आधी पाहा: माव्यात काळसर, नारिंगी ठिपक्यांच्या, मगरीसारख्या लांबट अळ्या फिरतात का? त्या ढालकिड्याच्या अळ्या. पुष्कळ जण त्यांनाच कीड समजून मारतात. फुगलेला, तपकिरी, निश्चल मावा म्हणजे आत परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढते आहे. दोन्ही दिसत असतील तर काही करू नका. मुंग्यांची रांग चवळीवर चढत असेल तर मात्र हस्तक्षेप हवा, कारण मधाळ रसासाठी मुंग्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. पाण्याच्या जोराने मावा धुऊन काढा आणि मुंग्यांची वाट मोडा.

वारा येतो त्या बाजूला मक्याच्या दोन दाट ओळी, भेंडीच्या २० दिवस आधी, ६० ते ७५ सेंमीवर पेरा (ती बाजू सूर्याची असेल तर अंतर दीड मीटर करा). मक्याची भिंत दोन प्रकारे उपयोगी पडते. काही मोझॅक विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकावर थोडाच वेळ टिकतात. मावा आधी मक्यावर बसून सोंड टोचतो तेव्हा तो विषाणू तिथेच पुसला जातो. काकडी आणि मिरचीसाठी म्हणूनच मक्याची आड खरोखर कामाची. भेंडीच्या केवडा रोगाचा विषाणू मात्र पांढरी माशी अंगात वागवते, तो पुसला जात नाही. तिथे मका फक्त माश्यांचा ओघ कमी करतो. केवड्यासाठी पहिला उपाय सहनशील जातीचे बी, आणि शिरा पिवळ्या पडलेले पहिले झाड दिसताच उपटणे.

मका, घेवडा आणि लाल भोपळा

उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी, विशेषतः हॉडेनोशोनी (इरोक्वॉय) लोकांनी, पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली ही तिहेरी पद्धत. मका आधार देतो, घेवडा त्यावर चढतो, भोपळ्याची पाने जमीन झाकून तण आणि ऊन अडवतात. करायला निघालेल्या बहुतेकांचे ती फसते ते एकाच कारणाने: तिन्ही बिया एकाच दिवशी टाकल्या जातात.

मका ओळीत नको, चौकोनात घ्या, कारण त्याचे परागण वाऱ्याने होते. एकच लांब ओळ असेल तर कणसांत दाणे अर्धे भरतात. किमान ४ ओळी, ओळींत ६० सेंमी आणि झाडांत ३० सेंमी. मका १५ सेंमी उंच झाला की प्रत्येक झाडापासून १० सेंमीवर वेलीच्या घेवड्याचे एक बी, आणि बुंध्याला मातीची भर. आणखी आठवड्याने चौकोनाच्या कडांना १.५ ते २ मीटरवर एक असे भोपळ्याचे आळे. घेवडा लवकर पेरला तर कोवळ्या मक्याला पिळून आडवा करतो. उशिरा पेरला तर मक्याच्या सावलीत खुंटतो. वाल-पावट्यासारखे जड वेल मक्याला पेलत नाहीत, आणि बुटक्या गोड मक्याची खोडेही या कामाला कमकुवत ठरतात. शिवाय ही पद्धत मुळात सगळे वाळल्यावर एकदम काढण्यासाठी आहे. कोवळी कणसे आणि हिरव्या शेंगा रोज तोडायच्या असतील तर भोपळ्याच्या वेलांतून पाय ठेवायला जागा मिळत नाही. मग मधून ४५ सेंमीची एक वाट सुरुवातीलाच राखा आणि वेल तिथून वळवत राहा.

आता नत्र. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र बांधतात, पण तो प्रामुख्याने घेवड्यालाच मिळतो. शेजारच्या मक्याला त्या हंगामात फारच थोडा पोचतो. तो मोकळा होतो घेवड्याची पाने, मुळे, गाठी कुजल्यावर, म्हणजे पुढच्या पिकाला. म्हणून 'घेवडा आहे' या भरवशावर मक्याचे खत कमी करू नका. उलट नत्राचे खत घेवड्याच्या बुंध्याशी टाकू नका. नत्र आयता मिळाला की गाठी धरत नाहीत. फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड खणून गाठ चिरून पाहा. आतून गुलाबी-लालसर असेल तर काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर नाही. पुढच्या वेळी बियांना रायझोबियम संवर्धक चोळून पेरा.

मित्रकीटकांसाठी फुले

फुलमाशीच्या (सिरफिड) अळ्या मावा खातात आणि बारीक गांधीलमाश्या किडींच्या अंड्यांत किंवा अळ्यांत अंडी घालतात, पण दोघींचीही प्रौढावस्था मधावर जगते आणि त्यांची तोंडे आखूड असतात. त्यांना उघडी, उथळ फुले लागतात: कोथिंबीर, शेपू, बडीशेप, गाजर, मोहरी. भरगच्च पाकळ्यांच्या झेंडूत त्यांना मधापर्यंत पोचता येत नाही. सगळ्यात सोपे म्हणजे प्रत्येक वाफ्याच्या टोकाला कोथिंबिरीची ४-५ झाडे न तोडता फुलू द्या, आणि दर २० दिवसांनी चिमूटभर धने पुन्हा पेरा, म्हणजे फुलांत खंड पडत नाही. धने चोळून दोन भाग करून पेरा. उगवायला ८ ते १२ दिवस लागतात. बडीशेप मात्र भाजीच्या वाफ्यात नको, वेगळ्या कोपऱ्यात: ती उंच, खोल मुळांची आणि शेजाऱ्यांना मागे रेटणारी आहे.

एकत्र नकोत अशी पिके

टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली पिके एका वाफ्यात घेऊ नका आणि एकामागून एकही नको. मर रोग, सूत्रकृमी, पांढरी माशी सामाईक. बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा थेट टोमॅटोवर जातो. काकडी, दोडका, दुधी एकत्र असले की फळमाशीला हंगामभर फळ मिळत राहते. सूर्यफुलाच्या मुळांतून आणि कुजणाऱ्या अवशेषांतून निघणारी द्रव्ये शेजारची उगवण दाबतात, त्यामुळे त्याच्या मीटरभर आत बी पेरू नका. कांदा आणि घेवड्याचे वैर तक्त्यांत नेहमी सापडते. त्याला घाबरण्याचे कारण नाही, फक्त दोघांच्या पाण्याच्या वेळा वेगळ्या आहेत.

वांग्याबद्दल एक स्पष्ट सांगायला हवे. शेंडा व फळ पोखरणारी अळी सहपिकांनी आटोक्यात येत नाही. सुकलेला शेंडा दिसताच दोन बोटे खालून कापून नष्ट करणे, आठवड्यातून दोनदा, हाच तिथला मुख्य उपाय.

कुंड्यांत मोकळीक आणखी कमी. १५ ते २० लिटरच्या कुंडीत एक टोमॅटो आणि पहिल्या महिन्यापुरती काठाने मेथी किंवा पात, एवढेच. झेंडू वेगळ्या कुंडीत लावून जवळ ठेवा. सापळा तसाही चालतो, आणि कोळी झाल्यास उचलून लांब नेता येतो.

दर आठवड्याची पाहणी

प्रत्येक वाफ्यातली ठरावीक ५ झाडे निवडा. दर आठवड्याला त्यांची वरची तीन पाने उलटून मावा, पांढरी माशी, अंडी आणि मित्रकीटक मोजून वहीत लिहा. सापळा पिकावरचेही मोजा. सापळ्यावर कीड वाढते आहे आणि मुख्य पिकावर नाही, तर सापळा चालतो आहे, वेचणी वाढवा. दोन्हीकडे सारखी असेल तर बहुधा सापळ्याचे वय चुकले. मुख्य पिकाची खालची पाने पिवळी, वाढ मंद आणि कीड नाही, तर सहपीक नत्र खाते आहे: ते कापा, आणि मुख्य पिकाला झाडामागे दोन मुठी गांडूळखत द्या. शक्य असेल तर अर्धा वाफा सहपिकाविना ठेवा. शेजारी तुलना असल्याशिवाय फरक सहपिकाने पडला की हवामानाने, हे कळत नाही.

हंगाम संपला की सापळा पिके मुख्य पिकाच्या आधी नव्हे तर त्याच दिवशी काढा, जागेवर वाळू न देता. किडके अवशेष कंपोस्टच्या गरम मध्यभागी जाऊ द्या किंवा खोल पुरा. घेवडा, चवळी, मेथी जमिनीलगत कापा. मुळे आत राहू द्या आणि निरोगी पाला वर पसरा. मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी असतील तर मात्र मुळे उपटून बाहेर काढा. रायझोबियमची गाठ बोटाने ढकलली की मुळावरून सुटून येते, सूत्रकृमीची सुटत नाही, ती मुळाचाच फुगलेला भाग असते. पुढच्या हंगामात या वाफ्यात पालेभाजी किंवा कोबीवर्ग घ्या आणि टोमॅटो-वांगी तिथे परत यायला किमान दोन हंगाम जाऊ द्या.